हुद्दा आणि त्याचे मोल

नोकरीच्या व्यवहारात पदनामाविषयी दोन परस्परविरोधी मते ऐकावयास मिळतात. एक मत असे की, नुसत्या नावाने कोणाचे पोट भरत नाही. काम तेच, पगार तोच, मग माणसाला लिपिक म्हटले काय आणि कार्यकारी साहाय्यक म्हटले काय! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या मताच्या लोकांच्या तोंडी नेहमी असते. दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. हुद्दा मोठा मिळाला की पगार मागाहून आपोआप येतो, म्हणून वाटाघाटीत आधी हुद्दा पदरात पाडून घ्यावा, असे या पक्षाचे म्हणणे असते.

दोन्ही मते अर्धवट आहेत. पदनाम स्वतः पैसा देत नाही हे खरे. परंतु ते माणसाला एका विशिष्ट रांगेत उभे करते, आणि त्या रांगेतील इतरांशीच पुढे त्याची तुलना होत राहते. वेतन, बढती, कायद्याचे संरक्षण या गोष्टी बव्हंशी अशा तुलनेतून ठरतात. तेव्हा नाव भारदस्त आहे की साधे आहे, यापेक्षा ते आपल्याला कोणाच्या पंक्तीला बसविते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. भारतातील काही प्रत्यक्ष प्रकरणांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

दिल्ली पोलीस दलातील एका चालक-शिपायाचे गाऱ्हाणे १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकले. हा मनुष्य काम करीत होता मोटार चालविण्याचे. परंतु त्याच्या पदनामात 'शिपाई' हा शब्द होता. तिसऱ्या वेतन आयोगाने मोटारचालकांचा स्वतंत्र विचार केला होता, मात्र चालक-शिपायांना त्या वर्गात न धरता इतर पोलीस शिपायांबरोबर धरले. परिणाम असा झाला की, मॅट्रिक न झालेल्या चालक-शिपायाला २१० ते २७० रुपये आणि मॅट्रिक झालेल्याला २२५ ते ३०८ रुपये अशी वेतनश्रेणी मिळाली. त्याच शहरात, तशाच रस्त्यांवर गाडी हाकणाऱ्या रेल्वे संरक्षण दलाच्या चालकाची श्रेणी २६० ते ४०० रुपये होती, आणि अग्निशमन दलातील अवजड वाहनांच्या चालकाची ३३० ते ४८०. पोलिसांच्या गाडीवरील माणसाचे काम या इतरांहून हलके नव्हते. उलट त्याला शिपायाची शिस्त आणि वेळीअवेळीची हाक हे दोन्ही अधिक होते.

ही खाती भिन्न आहेत आणि तेवढे कारण वेतन भिन्न असण्यास पुरेसे आहे, अशी सरकारची बाजू होती. न्यायालयाने ती मानली नाही. समान कामास समान वेतन हे तत्त्व संविधानात मूलभूत हक्क म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिलेले नसले तरी ते संविधानाचे ध्येय आहे, आणि समानतेच्या हक्काशी जोडून ते अमलात आणता येते, असा निर्णय देण्यात आला. या चालकांना निदान रेल्वे संरक्षण दलाच्या चालकांइतकी श्रेणी १ जानेवारी १९७३ पासून द्यावी, असा आदेश झाला. एका शब्दाने माणसाला चुकीच्या रांगेत नेऊन बसविले होते, तेथून त्याला बाहेर काढण्यास देशातील सर्वांत वरिष्ठ न्यायालयापर्यंत जावे लागले. पदनामाला काही किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

मात्र याचा उलट अर्थही काढू नये. पदनाम एक असले की वेतनही एक मिळाले पाहिजे, असे न्यायालये मानीत नाहीत. २०१६ मध्ये पंजाबातील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील आधीच्या निर्णयांचा साकल्याने परामर्श घेतला. नियमित पदावरील माणसाचे सर्व काम जो करतो, त्याला त्या पदाच्या श्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे असे सांगतानाच, केवळ पदनामाचे साम्य पुरेसे नाही, कर्तव्ये आणि जबाबदारी यांचेही साम्य दाखवावे लागते, आणि ते दाखविण्याचा भार मागणी करणाऱ्यावर असतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. तेव्हा पदनामाने तुलनेचे दार उघडते, आत जाण्यास मात्र कामाचाच पुरावा लागतो.

सरकारी नोकरीत कोणी एकटा मनुष्य आपल्या हुद्द्याविषयी घासाघीस करू शकत नाही. पद मंजूर होते, त्याची वेतनश्रेणी ठरते, भरती नियम तयार होतात, आणि वरच्या पदाच्या नियमांत 'अमुक पदावर अमुक वर्षांची नियमित सेवा' असे लिहिलेले असते. येथे पदनाम ही शोभेची वस्तू नसून जिन्याची पायरी असते. वाटाघाटी होतात त्या सामुदायिक, म्हणजे वेतन आयोगापुढे, किंवा १९६६ पासून अस्तित्वात असलेल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत. वर्षानुवर्षे एकाच पदावर कुजत पडलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न या मार्गाने पुढे आला, आणि १९९९ मध्ये केंद्र सरकारने एक योजना लागू केली. बढती न मिळालेल्या कर्मचाऱ्याला बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देण्याची ही योजना होती. पुढे १ सप्टेंबर २००८ पासून तिचे रूप बदलले, आणि दहा, वीस व तीस वर्षे असे तीन टप्पे ठरले.

या योजनेत एक अट आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. वेतन वाढेल, परंतु पदनाम, वर्गवारी आणि दर्जा यांत कोणताही बदल होणार नाही, अशी ती अट. म्हणजे पैसा आणि नाव या दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करता येतात, याची सरकारने दिलेली ही लेखी कबुलीच होय. तीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य वेतनाने तीन पायऱ्या वर चढतो आणि ज्या नावाने रुजू झाला त्याच नावाने निवृत्त होतो. त्याच्या घरची चूल या व्यवस्थेने नीट पेटते, यात शंका नाही. परंतु कार्यालयात त्याच्या सहीला जी किंमत पहिल्या दिवशी होती तीच शेवटच्या दिवशी राहते. पैसा मिळाला, आता आणखी काय हवे, असे म्हणणे सोपे असते; पण तसे म्हणणाऱ्यांची स्वतःची पदनामे बहुधा वेळच्या वेळी बदललेली असतात.

याच्या नेमके उलटे उदाहरण रेल्वेचे. गाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा-तांबडा बावटा घेऊन उभा असणारा गार्ड हा नियमाप्रमाणे धावत्या गाडीचा प्रमुख असतो. परंतु अलीकडच्या काळात 'गार्ड' हा शब्द इमारतीच्या दारावरील आणि बँकेच्या पैशाच्या यंत्रापाशी बसलेल्या पहारेकऱ्यासाठी इतका रूढ झाला की, रेल्वेच्या गार्डास आपले काम सांगताना दोन वाक्ये अधिक बोलावी लागत. नाव बदलावे ही मागणी पुष्कळ जुनी होती. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंडळाने ती मान्य केली. मालगाडीचा गार्ड 'गुड्स ट्रेन मॅनेजर' झाला, मेल-एक्स्प्रेसचा गार्ड 'मेल/एक्स्प्रेस ट्रेन मॅनेजर' झाला. त्याच आदेशात हेही सांगितले होते की, वेतनपातळी, भरतीची पद्धत, कर्तव्ये, ज्येष्ठता आणि बढतीचे मार्ग यांत काहीही फरक पडणार नाही.

या बदलाची थट्टा करणारे पुष्कळ निघाले. ती थट्टा अस्थानी होती. आपले काम ज्या शब्दाने ओळखले जाते तो शब्द त्या कामाला साजेसा असावा, ही मागणी रास्त आहे, आणि ती पुरी करण्यास सरकारला एक पैही लागली नाही. परंतु याच ठिकाणी सावधगिरीची गरज असते. ज्या वस्तूला देणाऱ्याच्या लेखी काही खर्च नसतो, ती वस्तू वाटाघाटीत सर्वांत आधी पुढे केली जाते. तिजोरी उघडायची नसली की मालक नावे वाटतो. घेणाऱ्याने ते नाव जरूर घ्यावे, मात्र एका मागणीची फेड त्याने झाली असे समजू नये. रेल्वेच्या आदेशात निदान लबाडी नव्हती. काय मिळणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले होते.

नाव आणि श्रेणी एकाच वेळी बदलल्याचेही उदाहरण आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र सरकारच्या नोकरीतील चौथा वर्ग संपुष्टात आला. चपराशी, दफ्तरी, जमादार, फराश, चौकीदार, माळी ही निरनिराळी पदे एकत्र करून 'मल्टी-टास्किंग स्टाफ' या एका नावाखाली आणण्यात आली, आणि त्यांना तिसऱ्या वर्गात जागा मिळाली. चौथ्या वर्गाचा शिक्का पुसला गेला, हा लाभ लहान नव्हे. परंतु पूर्वी माळी झाडांची निगा राखी आणि दफ्तरी कागद सांभाळी. नव्या नावाने ही सारी कामे एकाच माणसाला सांगता येऊ लागली. विस्तृत नाव म्हणजे विस्तृत काम, हा हिशेब पदनाम स्वीकारताना सहसा कोणी करीत नाही.

खाजगी उद्योगांत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे नावाबरोबर कायद्याचे छत्र येते किंवा जाते. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने 'कामगार' या शब्दाची व्याख्या केली होती. त्या व्याख्येत बसणाऱ्याला कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागे, आणि अन्याय झाल्यास त्याला कामगार न्यायालयात जाता येई. व्यवस्थापकीय काम करणारा या व्याख्येच्या बाहेर राही. देखरेखीचे काम करणाराही ठराविक वेतनमर्यादेपलीकडे गेला की बाहेर पडे. ही मर्यादा प्रारंभी ५०० रुपये होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती १,६०० झाली आणि २०१० मध्ये १०,००० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये आहे. दरमहा १८,००० रुपये हा आकडा शहरातील कोणत्याही कारकुनाच्या वेतनाशी ताडून पाहिला, तर छत्र किती आखूड आहे हे कळते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एखाद्या कारकुनाला 'अधिकारी' किंवा 'पर्यवेक्षक' असे नाव देण्यात मालकाचा दुहेरी लाभ असतो. मनुष्य खूष होतो, आणि उद्या वाद उपस्थित झालाच तर 'हा कामगार नव्हेच' असे म्हणण्यास आधार मिळतो. जादा वेळेच्या दुप्पट मजुरीचेही असेच. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामाच्या तासांविषयीची बहुतेक कलमे देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या पदांना लागू न करण्याची मुभा राज्यांना दिली होती. बढतीचा पेढा खाऊन घरी गेलेल्या माणसाच्या हाती महिन्याच्या शेवटी पूर्वीपेक्षा कमी रक्कम पडावी, असा प्रकार यातून घडू शकतो.

न्यायालयांनी हा डाव ओळखला होता. लॉइड्स बँकेच्या १९६१ च्या प्रकरणात बाजू थोडी निराळी होती. तेथे हिशेबतपासणी विभागातील लिपिक स्वतःच म्हणत होते की, आमचे काम देखरेखीचे आहे, म्हणून आम्हांला त्याचा विशेष भत्ता द्या. इतरांनी लिहिलेले आकडे ताडून पाहणे म्हणजे त्या माणसांवर देखरेख करणे नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नकार दिला. १९८५ मध्ये सीबा-गायगी या औषध कंपनीतील एका साहाय्यकाच्या बाबतीत हेच तत्त्व कर्मचाऱ्याच्या बाजूने लागू झाले. लघुलेखनाच्या आणि हिशेबाच्या कामावर रुजू झालेल्या या माणसाकडे पुढे थोडे देखरेखीचे कामही आले होते. त्याचे मुख्य काम कारकुनी होते, किरकोळ जोडकामांनी त्याचे स्वरूप बदलत नाही, तेव्हा तो कामगारच आहे, असे न्यायालयाने ठरविले. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, जो कोणाची रजा मंजूर करू शकत नाही, कोणावर कारवाई सुचवू शकत नाही, त्याला पर्यवेक्षक म्हटल्याने तो पर्यवेक्षक होत नाही.

कायदा असा कर्मचाऱ्याच्या बाजूने असला तरी न्यायालयात जाऊन ते सिद्ध करण्यास दहा-दहा वर्षे लागतात. हा खर्च टाळावयाचा तर प्रश्न आधी, म्हणजे नेमणुकीच्या वेळीच विचारले पाहिजेत. देऊ केलेल्या हुद्द्याची कंपनीच्या आतील श्रेणी कोणती? मोठ्या कंपन्यांत बाहेर दाखवायचे नाव एक आणि आतली श्रेणी दुसरी असते, आणि वेतन, रजा, प्रवासाचा वर्ग, वार्षिक बोनस हे सारे आतल्या श्रेणीवरून ठरते. मोठ्या अमेरिकी बँकांत 'व्हाइस प्रेसिडेंट' म्हणविणारे हजारोंनी असतात. ग्राहकाला अधिकारपदावरील माणसाशी बोलल्याचे समाधान मिळावे, हा त्यातील एक हेतू. ती प्रथा आता मुंबई-बंगळूरच्या कार्यालयांतही स्थिरावली आहे. अशा ठिकाणी भेटपत्रिकेवरील शब्दाला भुलून वेतनाचा आकडा सोडणे शहाणपणाचे नाही. हाताखाली किती माणसे, किती रुपयांपर्यंत खर्च मंजूर करण्याचा अधिकार, आणि या पदावरून पुढचे पद कोणते, ही माहिती नेमणूकपत्रात नसेल तर निदान लेखी पत्रव्यवहारात असावी.

तरीही खाजगी नोकरीत नावाची एक खरी किंमत आहे, ती नोकरी सोडताना कळते. वेतनाचा आकडा मागे राहतो, महागाईने तो लवकरच क्षुल्लकही दिसू लागतो. अनुभवाच्या दाखल्यावरील पदनाम मात्र माणसाबरोबर जन्मभर फिरते. पुढच्या कचेरीतील ज्या गृहस्थाला अर्जांचा ढीग उपसायचा असतो, तो पहिली निवड या दाखल्यावरील शब्दांवरूनच करतो. म्हणून जेथे वेतन वाढवून देण्याची मालकाची खरोखरच ऐपत नाही, अशा लहान संस्थेत कामाला साजेसे नाव मागून घेणे हा शुद्ध व्यवहार होय. येथे 'कामाला साजेसे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीन माणसांच्या कार्यालयातील 'महाव्यवस्थापक' पुढच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

वरच्या पदाचे काम आधी, नाव आणि वेतन मागाहून, असा प्रघात आपल्या कचेऱ्यांत फार आहे. 'प्रभारी' हा शब्द त्यासाठीच घडविला असावा. पुढे पाहू, तूर्त सांभाळून घ्या, असे सांगितले जाते आणि ते 'तूर्त' वर्षानुवर्षे चालते. चंडीगड प्रशासनातील एका कर्मचाऱ्याला १९९० मध्ये तात्पुरत्या व्यवस्थेत कनिष्ठ अभियंत्याच्या वरच्या पदावर बसविले गेले. त्या पदाच्या वेतनावर हक्क सांगणार नाही, असे त्याच्याकडून लिहूनही घेतले होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वरच्या पदाचे काम करवून घेतले तर त्या पदाचे वेतन द्यावे लागेल, आणि असा लेखी करार सार्वजनिक हिताच्या धोरणाविरुद्ध असल्यामुळे बंधनकारक नाही. हा निर्णय सरकारी नोकरीसंबंधीचा आहे. परंतु प्रभारी म्हणून काम करणाऱ्या कोणीही आपल्याजवळ त्या नेमणुकीचा कागद असू द्यावा, हे त्यावरून सहज कळते. चंडीगडच्या त्या कर्मचाऱ्याजवळ आदेश होता. तोंडी हुकमावर राबणाऱ्याजवळ दाखविण्यासारखे काहीच नसते.

येथवर मोठी नावे देऊन पैसा वाचविण्याचा विचार झाला. याहून गंभीर प्रकार मुद्दाम लहान, परंतु गोड नाव देण्याचा आहे. सेवक, सेविका, मित्र, सहायक, मदतनीस या शब्दांत माया आहे, त्याग आहे. नाही तो फक्त नोकरीचा उल्लेख.

टपाल खात्याचे पाहा. खेड्यापाड्यांतील टपाल कचेऱ्या स्थानिक शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी यांच्याकडून अर्धवेळ चालवून घेण्याची पद्धत जुनी आहे. १९६४ च्या नियमांत या लोकांना 'खातेबाह्य प्रतिनिधी' म्हटले होते. नावातच ते खात्याच्या बाहेर होते. त्यांपैकी काहींना चौकशीवाचून काढून टाकण्यात आले, तेव्हा प्रश्न निर्माण झाला की, संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण यांना आहे काय? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमित सेवेच्या बाहेर असले तरी हे लोक नागरी पद धारण करतात, आणि त्यांना योग्य संधी दिल्यावाचून काढता येणार नाही. नावातील 'बाह्य' हा शब्द न्यायालयाने एवढ्यापुरता निष्प्रभ केला. २००१ च्या नियमांनी त्यांचे नाव 'ग्रामीण डाक सेवक' असे झाले. हे नाव पहिल्यापेक्षा सन्मानाचे खरे, परंतु त्यांना मिळणाऱ्या रकमेला वेतन न म्हणता भत्ताच म्हटले जाई. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालास किमान १२,००० आणि त्याच्या साहाय्यकास १०,००० रुपये ठरले, तेही 'समयसंबद्ध सातत्य भत्ता' या नावाखाली. वेतनाला वेतन न म्हणण्यासाठी भाषेला किती कसरत करावी लागते, याचा हा नमुना म्हणता येईल.

शाळांतही हेच घडले. नियमित शिक्षकाचे वेतन देणे राज्यांना जड वाटू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या शेवटी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळी नावे निघाली. गुजरातेत विद्यासहायक, मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र. महाराष्ट्राने २००० मध्ये 'शिक्षणसेवक' हे नाव आणले. प्राथमिक शाळेत तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन आणि त्यानंतर नियमित श्रेणी, अशी ती योजना होती. २०२३ पासून हे मानधन १६,००० रुपये झाले. तीन वर्षांनी शिक्षक होण्याचा मार्ग नियमातच असल्यामुळे महाराष्ट्रातील सेवकाची वाट, खडतर असली तरी, कोठे जाते हे ठाऊक होते.

उत्तर प्रदेशातील शिक्षामित्रांचे नशीब तसे नव्हते. कंत्राटावर, अल्प मानधनावर गावातीलच तरुण-तरुणींना शाळेत घेण्यात आले. वर्ग त्यांनीच सांभाळले, फळ्यासमोर तेच उभे राहिले, मुलांनी त्यांना गुरुजीच म्हटले. पुढे राज्याने त्यांतील सुमारे १.३७ लाख जणांना साहाय्यक शिक्षक म्हणून सामावून घेतले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही कृती रद्द केली, आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मुख्य कारण होते शिक्षकासाठी कायद्याने ठरविलेल्या किमान पात्रतेचा अभाव. परंतु न्यायालयाने ज्या बाबी विचारात घेतल्या त्यांत हीही होती की, त्यांची मूळ नेमणूक शिक्षक या पदनामाने किंवा शिक्षकाच्या वेतनश्रेणीत कधी झालीच नव्हती. ठराविक पात्रता मिळविल्यास पुढील दोन भरतींत अनुभवाचे काही झुकते माप द्यावे, एवढीच सवलत त्यांना मिळाली. ज्या दिवशी एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने 'मित्र' हे नाव आनंदाने स्वीकारले, त्या दिवशी तो शब्द आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहील हे तिला कोण सांगणार होते? तिच्यापुढे वाटाघाटीचा प्रश्नच नव्हता. हे नाव किंवा काहीच नाही, एवढीच निवड होती.

अशा माणसांच्या बाबतीत एकेकट्याने हुद्द्याविषयी बोलणे व्यर्थ असते. तेथे संघटना लागते, आणि संघटनेलाही नाव आधी मागावे की हक्क आधी मागावा याचा निर्णय करावा लागतो. अंगणवाडीचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी चालविणाऱ्या स्त्रिया समाजकार्य करणाऱ्या स्वयंसेविका मानल्या गेल्या, आणि त्यांना मिळणाऱ्या पैशाला मानधन हे नाव पडले. मुलांचा आहार, वजनाच्या नोंदी, गरोदर स्त्रियांच्या भेटी, लसीकरणास मदत, शिवाय निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत जे जे येईल ते काम त्यांनी केले. त्या नागरी पद धारण करतात काय, हा प्रश्न कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००६ मध्ये 'नाही' असे उत्तर आले. खातेबाह्य टपाल प्रतिनिधींना जे मिळाले ते त्यांना मिळाले नाही.

त्यानंतर गुजरातेतील दाहोद जिल्ह्यातून निवृत्त सेविका व मदतनिसांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. आम्ही सरकारी कर्मचारी आहोत असे त्या म्हणाल्या नाहीत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात 'कर्मचारी' आणि 'वेतन' या शब्दांची जी व्याख्या आहे तीत आमचे काम आणि आमचे मानधन बसते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मानधन म्हटले तरी केलेल्या कामाचा तो मोबदलाच आहे, म्हणून ते त्या कायद्यापुरते वेतन ठरते, आणि सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय झाला. त्यांचे पदनाम त्या दिवशीही सेविका आणि मदतनीस हेच राहिले. थकलेली रक्कम तीन महिन्यांत, दरसाल १० टक्के व्याजासह देण्याचा आदेश मात्र झाला.